ब्रिटनमधली ॲनिमेशन-व्हीएफएक्स करसवलत: पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची पद्धत

ब्रिटनमध्ये ॲनिमेशनपट किंवा ॲनिमेशन मालिका करणाऱ्या कंपनीला तिथे झालेल्या पात्र खर्चाच्या ३९ टक्के कर-क्रेडिट मिळते. योजनेचे नाव ऑडिओ-व्हिज्युअल एक्स्पेंडिचर क्रेडिट, बोलताना एव्हीईसी. ती १ जानेवारी २०२४ पासून लागू आहे आणि जुन्या फिल्म व ॲनिमेशन सवलतींची जागा घेते. लाइव्ह ॲक्शन, म्हणजे खरे कलाकार घेऊन चित्रित केलेला सिनेमा आणि मोठ्या बजेटच्या मालिकांना दर ३४ टक्के आहे, पण त्यातल्या व्हीएफएक्सच्या, म्हणजे संगणकावर केलेल्या दृश्य-परिणामांच्या खर्चाला ३९. मुंबई-पुण्यातले स्टुडिओ लंडनसाठी काम करतात आणि इथले निर्माते तिकडे कंपनी काढायचा विचार करतात. त्या दोघांनाही हे नियम मुळातून माहीत हवेत, कारण कामाची वाटणी कशी करायची आणि बिलात काय लिहायचे हे या नियमांवरूनच ठरते.

सर्वांत मोठा गैरसमज आधी दूर करू. क्रेडिट मागण्याचा हक्क निर्मिती कंपनीचा असतो, व्हीएफएक्स स्टुडिओचा नाही. तुम्ही व्हेंडर असाल तर तुमच्या नावावर काही जमा होणार नाही. तुमच्या बिलाच्या आधारे क्लायंटला क्रेडिट मिळते किंवा नाकारले जाते.

कोण पात्र

कंपनी ब्रिटनच्या कॉर्पोरेशन टॅक्सच्या, म्हणजे कंपन्यांच्या नफ्यावरच्या कराच्या कक्षेत हवी. बहुतेक निर्माते एका प्रकल्पासाठी एक वेगळी कंपनी काढतात, म्हणजे हिशेब स्वच्छ राहतो. संचालक भारतात राहणारा चालतो, नोंदणीकृत पत्ता मात्र ब्रिटनमधला लागतो. कंपनीज हाउसमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या कंपनी-नोंदणी कार्यालयात नोंदणी करताना संचालकाची ओळख पडताळणी होते. १८ नोव्हेंबर २०२५ पासून ती सक्तीची आहे. व्यवसाय सुरू झाल्यापासून ३ महिन्यांत कॉर्पोरेशन टॅक्ससाठी नाव नोंदवायचे.

नुसती नावापुरती कंपनी मात्र चालत नाही. प्री-प्रॉडक्शनपासून अंतिम प्रत देईपर्यंतची जबाबदारी तिची हवी, नियोजनात आणि निर्णयांत ती प्रत्यक्ष हवी, आणि हक्क, वस्तू, सेवा यांच्या वाटाघाटी, करार व पैसे तिनेच केलेले हवेत. मुंबईच्या मूळ कंपनीने करार करून ठेवले आणि लंडनच्या कंपनीने फक्त पैसे फिरवले, तर दावा तिथेच अडतो.

प्रकल्पासाठीच्या अटी अशा: सिनेमा चित्रपटगृहात व्यावसायिक प्रदर्शनासाठी असावा, मालिका प्रसारणासाठी किंवा स्ट्रीमिंगसाठी. जाहिराती, बातम्या, प्रशिक्षणाचे व्हिडिओ बाद. मुख्य खर्चाचा किमान १० टक्के भाग ब्रिटनमध्ये झालेला असावा. ॲनिमेशनचा दर हवा असेल तर मुख्य खर्चातला किमान ५१ टक्के ॲनिमेशनवर हवा. मुख्य खर्च म्हणजे प्री-प्रॉडक्शन, प्रत्यक्ष निर्मिती आणि पोस्ट-प्रॉडक्शन. विकासाचा टप्पा, प्रसिद्धी, वितरण, कर्जावरचे व्याज यांतले काहीही धरले जात नाही.

छोट्या सिनेमांसाठी ५३ टक्क्यांचे वेगळे क्रेडिटही आहे. मुख्य खर्च १.५ कोटी पौंडांपर्यंत असणाऱ्यांनी आधी ते तपासावे.

पैशाचे गणित

ब्रिटनमध्ये झालेला मुख्य खर्च, किंवा एकूण मुख्य खर्चाचे ८० टक्के, यांतली कमी असेल ती रक्कम पात्र धरतात.

समजा एका ॲनिमेशनपटाचा मुख्य खर्च १ कोटी पौंड आहे. ६० लाखांचे काम ब्रिटनमध्ये आणि ४० लाखांचे पुण्यात झाले, तर पात्र रक्कम ६० लाख आणि क्रेडिट २३.४ लाख. ९० लाखांचे तिथे आणि १० लाखांचे पुण्यात झाले, तर पात्र रक्कम ८० लाखांवर अडते आणि क्रेडिट ३१.२ लाख. ८० आणि २० अशी वाटणी केली तरीही ३१.२ लाखच. म्हणजे ॲनिमेशनमध्ये पहिले २० टक्के काम बाहेर गेले तरी निर्मात्याचे क्रेडिट कमी होत नाही. इथल्या स्टुडिओने कोटेशन देताना हे ध्यानात ठेवावे: त्या मर्यादेत बसणारे काम मिळवणे सोपे, त्यापलीकडच्या प्रत्येक पौंडामागे क्लायंट ३९ पेन्सचे क्रेडिट गमावतो आणि तेवढी तफावत तुमच्या दरातून भरून निघावी अशी त्याची अपेक्षा असते.

हे क्रेडिट करपात्र आहे. २५ टक्के कर धरला तर ३९ पौंडांतले २९.२५ हातात राहतात. बजेटमध्ये हाच आकडा धरावा.

लाइव्ह ॲक्शनच्या व्हीएफएक्ससाठी नियम आता निराळा आहे. १ जानेवारी २०२५ पासूनच्या ब्रिटनमधल्या व्हीएफएक्स खर्चाला ८० टक्क्यांची मर्यादा लागत नाही. दावे १ एप्रिल २०२५ पासून करता येतात. मर्यादा काढण्याचे कारण सरळ होते. शूटिंगच ब्रिटनमध्ये झाले की ८० टक्के तिथेच भरायचे आणि शेवटी येणारे व्हीएफएक्स मर्यादेबाहेर पडून दुसऱ्या देशात जायचे. ती गळती बंद करायला हा बदल केला. आपला उद्योग उभारायला निघालेल्या कोणत्याही सरकारने हा तपशील अभ्यासावा: टक्केवारीपेक्षा मर्यादा कुठे बसते यावर काम कुठे जाते ते ठरते.

सांस्कृतिक चाचणी

क्रेडिटच्या आधी ‘ब्रिटिश’ असल्याचा दाखला लागतो. अर्ज ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या सर्टिफिकेशन विभागाकडे ऑनलाइन करायचा. सिनेमासाठी चाचणी ३५ गुणांची, उत्तीर्ण व्हायला १८. विभाग अ म्हणजे आशय, १८ गुण: कथेचे स्थळ ४, प्रमुख पात्रे ४, विषय किंवा मूळ साहित्य ४, संवादांची भाषा ६. ब म्हणजे सांस्कृतिक योगदान, ४ गुण. क म्हणजे काम कुठे झाले, ५ गुण. यात व्हीएफएक्सही येते. ड म्हणजे दिग्दर्शक, लेखक, निर्माता, संगीतकार, कलाकार, तंत्रज्ञ, ८ गुण.

आता साताऱ्यात घडणारा, मराठी पात्रांचा, मराठी संवादांचा ॲनिमेशनपट घ्या. भाषेचे ६ गुण इंग्रजी, ब्रिटनमधल्या मान्यताप्राप्त भाषा आणि युरोपीय आर्थिक क्षेत्रातल्या भाषांना मिळतात, मराठीला नाही. अ विभागात शून्य पडले, तर ब, क, ड पैकीच्या पैकी मिळूनही बेरीज १७ होते. एका गुणाने नापास. हीच कथा लेस्टरमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबाची असेल तर स्थळ आणि पात्रांचे गुण मिळू शकतात, कारण पात्र ब्रिटनचे रहिवासी असले तरी चालते. ड विभागातही तसेच: नागरिकत्व किंवा वास्तव्य, दोन्हींपैकी एक पुरते. लंडनमध्ये स्थायिक मराठी दिग्दर्शकाचा गुण धरला जातो. म्हणून गुणांचा तक्ता पटकथेच्या टप्प्यावरच भरून पाहा.

चाचणीत बसत नसेल तर भारत-ब्रिटन सहनिर्मिती कराराचा मार्ग आहे. करारावर २००५ मध्ये सह्या झाल्या. अधिकृत सहनिर्मितीचा दर्जा मिळाला की सांस्कृतिक चाचणी लागत नाही, पण मान्यता दोन्ही देशांकडून घ्यावी लागते आणि तीही काम सुरू होण्याआधी.

कागदपत्रे

दाखल्यासाठी: भरलेला अर्ज, शपथपत्र, पटकथा किंवा कथासार, वेळापत्रक, खर्चाचे अंदाजपत्रक, कलाकार-तंत्रज्ञांची यादी आणि ज्यांचे गुण मागता त्यांच्या नागरिकत्वाचा वा वास्तव्याचा पुरावा. अंतिम दाखल्याला पूर्ण झालेली फिल्म, आणि क किंवा ड विभागातले गुण मागत असाल तर स्वतंत्र अकाउंटंटचा अहवाल. हा अकाउंटंट निर्मिती कंपनीशी संबंधित नसावा. निर्मिती चालू असताना अंतरिम दाखला घेता येतो आणि त्यावर दरवर्षी दावा करता येतो, पण अंतिम दाखला मिळाला नाही तर घेतलेले पैसे परत करावे लागतात.

करखात्याकडे दावा

एचएमआरसीकडे, म्हणजे ब्रिटनच्या करखात्याकडे क्रम असा: आधी अतिरिक्त माहितीचा ऑनलाइन फॉर्म, मग सीटी६०० हे कॉर्पोरेशन टॅक्सचे विवरणपत्र आणि त्याला जोडलेले सीटी६००पी हे पान. फॉर्म विवरणपत्राच्या दिवशी किंवा त्याआधी गेलाच पाहिजे. नंतर पाठवला तर दावा बाद ठरतो. सोबत दाखला, आणि ब्रिटनमधला व बाहेरचा मुख्य खर्च वेगळा दाखवणारे पत्रक. हिशेबाचा कालावधी संपल्यापासून २ वर्षांत दावा करायचा.

दावे अडकतात ते बहुतेक बिलांवर. सेवेचा खर्च ब्रिटनमधला ठरतो तो काम तिथे झाले तर. बिल लंडनच्या पत्त्यावरून आले म्हणून नव्हे. लंडनच्या स्टुडिओने २०० शॉट घेतले, रोटो, पेंट आणि मॅचमूव्ह ही शॉटच्या तयारीची कामे आपल्या मुंबई शाखेत केली आणि फक्त कम्पोझिटिंग, म्हणजे सगळे थर एकत्र करून अंतिम चित्र बनवणे, लंडनमध्ये, तर एका बिलाचे दोन भाग करावेच लागतात. ‘व्हीएफएक्स सेवा, एकरकमी’ एवढेच लिहिलेले बिल पुढे अकाउंटंटला फोडता येत नाही. बिलावर शॉट क्रमांक, विभाग, काम झालेले शहर, मनुष्य-दिवस आणि तारखा लिहा. सोबत टाइमशीट जोडा. कलाकार कोणत्या देशाचा हे इथे पाहत नाहीत, तो कुठे बसून काम करत होता ते पाहतात. लॉकडाउननंतर घरून काम करणारे बरेच आहेत, त्यामुळे सुट्टीत गावी येऊन नाशिकहून लॉगिन केलेले आठवडे वेगळे काढावे लागतात.

दुसरी चूक पैसे थकवण्याची. कालावधी संपल्यावर ४ महिन्यांत न चुकवलेली रक्कम त्या कालावधीच्या खर्चात धरली जात नाही. तिसरी, आपल्याच समूहातल्या कंपनीला फुगवलेला दर लावण्याची. अशा व्यवहारांची माहिती फॉर्ममध्ये द्यावी लागते आणि दर बाजारभावाला धरून असल्याचे दाखवावे लागते, म्हणून त्याच कामाची बाहेरच्या दोन स्टुडिओंची कोटेशन्स फाइलला लावून ठेवा.

मंजूर क्रेडिट आधी कंपनीच्या कॉर्पोरेशन टॅक्समध्ये वळते होते, मग इतर देण्यांत, आणि उरलेली रक्कम खात्यात येते. करार, बिले, टाइमशीट आणि बँकेची विवरणे किमान ६ वर्षे सांभाळायची.