परिपाठातली मूल्यं आली कुठून?

दुसरीतल्या मुलाला ‘पाईक’ म्हणजे काय ते विचारून पाहा. ‘त्या परंपरांचा पाईक होण्याची पात्रता माझ्या अंगी यावी’ हे वाक्य ते रोज सकाळी हात पुढे करून एका दमात म्हणतं, पण त्या शब्दाशी त्याची अजून ओळख व्हायची असते. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, सुविचार, दिनविशेष, बोधकथा असा आपला परिपाठ आहे. तो एकदम ठरला नाही, एकेका काळाने त्यात आपली भर घातली.

प्रतिज्ञा मुळात तेलुगू. पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी ती १९६२ साली लिहिली. १९६४ मध्ये बंगळूरला एम. सी. छागला यांच्या अध्यक्षतेखाली केंद्रीय शिक्षण सल्लागार मंडळाची बैठक झाली. तिथे ती देशभर म्हणायचं ठरलं आणि २६ जानेवारी १९६५ पासून ती शाळाशाळांत पोचली.

त्याआधीच एक पेच होता. संविधानाच्या २८व्या कलमानुसार पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्माचं शिक्षण देता येत नाही. मग लहान मुलांना चांगलं-वाईट शिकवायचं कशाच्या आधारावर? १९५९ साली नेमलेल्या श्रीप्रकाश समितीपुढे हाच प्रश्न होता आणि पुढे कोठारी आयोगानेही तो हाताळला. १९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने दहा गाभाघटक, म्हणजे देशभरच्या अभ्यासक्रमात असायलाच हवेत असे दहा मुद्दे, दिले. स्वातंत्र्य चळवळीचा इतिहास, संविधानाने सांगितलेली कर्तव्यं, स्त्री-पुरुष समानता, वैज्ञानिक दृष्टिकोन वगैरे. आपल्या राज्याने वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, श्रमप्रतिष्ठा, संवेदनशीलता, सौजन्यशीलता अशी दहा मूल्यं ठरवली. डी.एड. केलेल्या कुणालाही हे दोन्ही दहा-दहा आजही तोंडपाठ असतील. १९९९ मध्ये शंकरराव चव्हाणांच्या संसदीय समितीने सत्य, सदाचरण, शांती, प्रेम आणि अहिंसा या पाचांवर भर दिला. २०२०च्या प्रजासत्ताक दिनापासून महाराष्ट्रातल्या शाळांत उद्देशिकेचं वाचन सक्तीचं झालं.

या सगळ्यामागची तळमळ खरी होती, यात मला शंका नाही. पण प्रत्येक वेळी नवी यादी आली की मुलांच्या वाट्याला म्हणायला आणखी एक गोष्ट यायची. वागून बघायला जागा मिळायचीच असं नाही.

ती जागा आपल्याकडे फार आधी एकाने करून दिली होती. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढलं. अस्पृश्य मानलेल्या जातींची मुलं आणि मराठ्यांची मुलं तिथे एका पंगतीला जेवायची आणि कामंही आपल्या हातांनी करायची. वसतिगृहाची चूल पेटती राहावी म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. समता हा तिथे रोजच्या जेवणाचा भाग होता. आज शाळेच्या व्हरांड्यात खिचडीची पंगत बसते तेव्हा कोण कुणाशेजारी बसतं, वाढायला कुणाला उठवतात, याकडे माझं लक्ष जातं ते म्हणूनच.

अलीकडचा मोठा प्रयत्न म्हणजे ‘मूल्यवर्धन’. २००९ साली शांतिलाल मुथ्था यांच्या प्रतिष्ठानाने बीड जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळांत तो सुरू केला आणि पुढे राज्य शासनासोबत तो इतर जिल्ह्यांत गेला. न्याय, स्वातंत्र्य, समता, बंधुता ही उद्देशिकेतलीच मूल्यं, पण पहिली ते चौथीच्या मुलांनी ती खेळातून, जोडीत बोलून आणि गटात काम करून अनुभवायची. पाठांतर नाही.

अशा पद्धतीची एक तासिका मी पाहिली आहे. दुसरीची मुलं गोल करून बसली होती. ‘मला राग कशाचा येतो’ ते जोडीदाराला सांगायचं होतं आणि मग जोडीदाराने ते सगळ्यांना सांगायचं होतं. स्वतःचं नाही, ऐकलेलं. एकाने उभं राहून सांगितलं, “याला कुणी काळ्या म्हटलं की राग येतो.” मग तो जरा थांबला. “मी म्हणतो त्याला,” एवढं बोलून खाली बसला. बाई काही बोलल्या नाहीत. पुढच्या जोडीकडे वळल्या. जोडीदार मात्र त्याच्याकडे बघत राहिला.

नागरिकशास्त्राच्या पुस्तकात हे यायला अजून बरीच वर्षं असतात. पण आपलं म्हणणं मांडायचं, दुसऱ्याचं नीट ऐकायचं आणि ते न बदलता पुढे सांगायचं हे सातव्या वर्षी जमतं, हे मी तिथे पाहिलं. ग्रामसभेत बसायला याहून वेगळं काय लागतं?

अडचण वेळेची आहे. पट कमी असलेल्या शाळेत एकेका शिक्षकाकडे दोन-दोन इयत्ता असतात. त्या बाईंनी ही तासिका सोमवारी सकाळी पहिलीच ठेवली होती. नंतर ठेवली तर पोषण आहाराचा हिशेब आणि ऑनलाइन माहिती भरण्यात ती निघून जाते, असं त्या म्हणाल्या.