दोष पिशवीचा नाही, आधाराचा

शिंक आली की लघवी निसटू नये म्हणून पाय आवळून उभं राहायचं, ही सवय कित्येकींच्या इतकी अंगवळणी पडते की तो आजार आहे आणि त्याला उपाय आहे, हे मनातही येत नाही. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत केलेली पाहणी १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. ६५० बायकांपैकी ९२ टक्के जणींना कुठला ना कुठला स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता. त्याआधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के.

ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. पुढच्या जघनास्थीपासून मागे माकडहाडापर्यंत, नऊवारीच्या कासोट्यासारखी ओढून बसवलेली. मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय तिच्या आधारावर. बाळाचं डोकं बाहेर येताना या स्नायूचा आतला भाग मूळ लांबीच्या तिपटीहून जास्त ताणला जातो! बहुतेकदा तो सावरतो, कधी हाडापासून सुटतो. पुढे जुनाट खोकला, बद्धकोष्ठता, जड ओझी, पाळी जाणं यांची भर पडते. मग खोकताना लघवी निसटते, नाहीतर ‘अंग बाहेर येतं’, म्हणजे गर्भाशय किंवा योनीची भिंत खाली सरकते.

अशा वेळी ‘पिशवी (म्हणजे गर्भाशय) काढून टाका’ एवढाच सल्ला मिळतो, तो मला फार खटकतो. आधार न बांधता नुसती पिशवी काढली, तर योनीचा वरचा भागच पुढे कधीतरी खाली उतरू शकतो. अजून मूल हवं असलेल्या तरुणींसाठी मुंबईच्या डॉ. वि. ना. शिरोडकरांनी पिशवी न काढता तिला पट्टीने मागच्या त्रिकास्थीशी (माकडहाडाच्या वरच्या हाडाशी) बांधायची शस्त्रक्रिया बसवली होती.

त्रास बेताचा असेल तर आधी व्यायाम. अमेरिकेतले डॉ. अर्नोल्ड केगल यांनी तो १९४८ मध्ये मांडला. लघवी आणि वारा एकदमच रोखावा तसं आत-वर ओढायचं, सहा-आठ सेकंद धरायचं, तेवढाच वेळ पूर्ण सैल सोडायचं. असं आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. श्वास कोंडायचा नाही, मांड्या आवळायच्या नाहीत, लघवीची धार अडवून सराव करायचा नाही. मात्र काहींचे स्नायू ढिले नसून आखडलेले असतात, तिथे दुखणं यानेच वाढेल; म्हणून आधी डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टकडून तपासून घ्या.

अंग बरंच खाली आलं असेल तर डॉक्टर योनीत मापाची सिलिकॉनची रिंग बसवतात. ती लावून रोजची कामं करता येतात. काढून, धुऊन स्वतः परत बसवायलाही अनेकजणी शिकतात.