गाडीची पॉवर किती वाढते, आणि येते कुठून

१९८९ च्या सुमारास जपानी मोटार कंपन्यांनी आपसांत ठरवून टाकलं, की देशात विकायच्या कुठल्याच गाडीची पॉवर कागदावर २८० पीएसच्या (एक पीएस म्हणजे जवळपास एक हॉर्सपॉवर) वर दाखवायची नाही. कायदा वगैरे काही नव्हता, तोंडी समझोता होता. त्याच वर्षी आलेल्या निसान स्कायलाइन जीटी-आरच्या माहितीपत्रकावर २८० चाच आकडा छापला गेला. बॉनेटखाली मात्र शर्यतीसाठी मुद्दाम दणकट केलेलं, बिडाच्या ब्लॉकचं, दोन टर्बोंचं (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारे पंखे) २.६ लिटर इंजिन बसलं होतं. टर्बोचा दाब थोडा वाढवला, एक्झॉस्ट मोकळा केला, की इंजिन न खोलता चारशेच्या आसपास आकडा यायचा. टोयोटा सुप्राच्या तीन लिटर टर्बो इंजिनाची गोष्ट तीच. हा समझोता २००४ पर्यंत टिकला.

गाड्यांच्या पॉवरबद्दलच्या आजच्या बऱ्याच अपेक्षा या दोन इंजिनांनी घडवल्या आहेत, आणि घोळही इथूनच सुरू होतो. तिथे पॉवर कुणी नव्याने निर्माण केली नव्हती. कंपनीने जाणूनबुजून दाबून ठेवलेली पॉवर ट्यूनरने, म्हणजे इंजिनात फेरफार करणाऱ्याने, मोकळी केली, एवढंच. तेव्हा कुठल्याही गाडीबाबत पहिला प्रश्न हाच विचारायला हवा, की कंपनीने शिल्लक किती ठेवलं आहे आणि का ठेवलं आहे?

हा खेळ त्याहून कितीतरी जुना. फोर्डने १९३२ मध्ये स्वस्तातलं व्ही-८ इंजिन आणलं, ३.६ लिटर आणि अवघी ६५ हॉर्सपॉवर. कॅलिफोर्नियातली पोरं त्याला जास्तीचे कार्बोरेटर लावून कोरड्या तलावांच्या सपाटीवर पळवायची. एवढ्या मोठ्या इंजिनातून एवढीशी पॉवर म्हणजे हवा आणि पेट्रोल आत जायलाच वाट नव्हती. ती रुंद केली की फरक पडायचा. इंजिन गरम होण्याची खोड मात्र मुळातच होती, पॉवरबरोबर तीही वाढायची.

युरोपात १९५९ ची मिनी ३४ हॉर्सपॉवरची होती. दोन वर्षांनी आलेल्या मिनी कूपरमध्ये ती ५५ झाली. यात दुर्लक्षित राहणारा भाग असा, की कूपरचं इंजिन ८४८ वरून ९९७ सीसीचं केलं होतं, कार्बोरेटर दोन दिले होते आणि पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवले होते. पॉवर वाढवणाऱ्याने ब्रेकचा विचार त्याच दिवशी केला. आपल्याकडे तो बहुधा पहिल्या दणक्यानंतर होतो.

आपल्या देशात बराच काळ वाढवण्यासारखं काही हातातच नव्हतं. कुर्ल्यात बनणारी पद्मिनी १०८९ सीसीची, चाळीस-बेचाळीस हॉर्सपॉवरची. काँटेसाचं रुबाबदार धूड सुरुवातीला अ‍ॅम्बॅसिडरच्या दीड लिटर इंजिनावर, म्हणजे सुमारे पन्नास हॉर्सपॉवरवर ओढलं जायचं. पुढे इसुझूचं १.८ लिटर इंजिन आलं तेव्हा कुठे गाडीत जीव आला. पॉवर हवी तर इंजिनच बदला, हा धडा कंपन्यांनीच घालून दिला होता. प्रीमियरने ११८ एनई मध्ये फियाटच्या सांगाड्यात निसानचं इंजिन घातलं ते याच हिशोबाने.

मारुती आल्यावर लेथवाल्यांना काम मिळालं. हेड (इंजिनाचं वरचं झाकण) घासून कॉम्प्रेशन, म्हणजे आतल्या मिश्रणावरचा दाब, वाढवायचं, पोर्ट (हवा आत-बाहेर जायच्या वाटा) पॉलिश करायचे, कार्बोरेटरचे जेट बदलायचे. हे सगळं नीट जमलं तरी ७९६ सीसीच्या इंजिनात मिळणार ते मोजकेच घोडे. हेड प्रमाणाबाहेर घासलं, की त्या काळच्या कमी ऑक्टेनच्या पेट्रोलवर चढाला नॉकिंग (मिश्रण आपोआप पेटून होणारी ठोकठोक) सुरू, आणि मग हेड गॅस्केटचा खर्च. कोइमतूरच्या एस. करिवर्धन यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस याच इंजिनाभोवती एकआसनी फॉर्म्युला मारुती उभी केली. इंजिन तेच, पण गाडीचं वजन उतरवलेलं. पॉवरमागे लागणाऱ्यांनी या दुसऱ्या वाटेकडे फारसं लक्ष दिलं नाही, हे मला अजूनही नवल वाटतं.

एस्टीमचं उदाहरण जास्त बोलकं आहे. तिचं १.३ लिटर इंजिन कार्बोरेटरवर ६५ हॉर्सपॉवर द्यायचं. मारुतीने सोळा व्हॉल्व्हचं हेड आणि एमपीएफआय (कॉम्प्युटरच्या हुकुमाने पेट्रोल फवारणारी यंत्रणा) देऊन ते ८५ वर नेलं. म्हणजे पूर्वी ट्यूनर जी शिल्लक शोधायचा, ती आता कारखान्यातच वापरली जाऊ लागली. म्हणून टर्बो नसलेल्या आजच्या पेट्रोल गाडीत रिमॅपने, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधलं सॉफ्टवेअर बदलून, पाच ते आठ टक्के मिळाले तरी समाधान मानावं. उघडा कोन फिल्टर (शंकूच्या आकाराचा एअर फिल्टर) तर बॉनेटखालची गरम, विरळ हवाच ओढतो. आवाज वाढतो, आणि पिकअप वाढल्यासारखा वाटतो.

टर्बोने गणित पालटलं. फियाटचं १.३ लिटर मल्टिजेट डिझेल इंजिन पुण्याजवळ रांजणगावला बनायचं. मारुतीने ते परवाना घेऊन स्वतः बनवलं, टाटांनीही वापरलं. एकच इंजिन ७५ पीएस आणि ९० पीएस अशा दोन ताकदींत बाजारात होतं. लोकांनी सरळ अर्थ लावला, की फरक फक्त सॉफ्टवेअरचा. तो तसा नव्हता, ९० वाल्याचा टर्बोच वेगळा, व्हेरिएबल जॉमेट्रीचा (कमी आरपीएमलाही दाब मिळावा म्हणून पाती फिरवणारा) होता. ७५ वाल्यावर रिमॅप टाकला की २००० आरपीएमनंतरचा धक्का जोरदार होतो, त्याखालची मरगळ बरीचशी तशीच राहते. वाढलेल्या टॉर्कचा (फिरवण्याच्या जोराचा) पहिला मार बसतो क्लच प्लेटला.

औरंगाबादजवळ (आताचं छत्रपती संभाजीनगर) शेंद्र्याला जोडली जाणारी स्कोडा ऑक्टेव्हिया आरएस आपल्याकडे १५० पीएसची मिळाली. युरोपात याच नावाची गाडी १८० ची. त्याच कुळातलं १.८ टर्बो इंजिन ऑडी टीटीमध्ये २२५ पर्यंत गेलं होतं, पण तिथे टर्बो मोठा, इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारे) दोन आणि कॉम्प्रेशन कमी. रिमॅप करून १५० चे १८०-१९० होणं पटण्यासारखं आहे. त्यापुढे जायचं तर छोटा टर्बो वरच्या आरपीएमला धापा टाकतो. गिअर तिसरा, पाय पूर्ण दाबलेला, मधला जोर झकास आणि पाच हजारांच्या पुढे सगळं ढेपाळतं. तिथून पुढचं प्रत्येक पाऊल म्हणजे नवा टर्बो, इंजेक्टर, क्लच आणि बहुतेक वेळा गाडीच्या बाजारभावाच्या जवळ जाणारं बिल.

आकड्यांवरही आंधळा विश्वास नको. १९७१ ची कॅडिलॅक एल्डोराडो ३६५ हॉर्सपॉवरची म्हणून विकली गेली, १९७२ ची २३५ ची. ८.२ लिटरचं इंजिन जवळपास तेच होतं, मोजायची रीत बदलली. आधी पंखा, अल्टरनेटर, एक्झॉस्ट काढून मोजायचे, नंतर गाडीत असतं तसं मोजू लागले. आज डायनोवरचा (पॉवर मोजायच्या यंत्रावरचा) कागद चाकांवरची पॉवर दाखवतो की इंजिनची, हे विचारल्याशिवाय तो वाचण्यात अर्थ नाही. मधल्या गिअरबॉक्समध्ये आणि टायरवर दहा-पंधरा टक्के सहज जातात. रिमॅपआधीचा कागद नसेल तर नंतरचा कागद जाहिरातीच्या लायकीचा.

टॉप स्पीडचं तर विचारूच नका. वेग वाढतो तशी हवेला भेदायला लागणारी पॉवर वेगाच्या घनात वाढते. पंचवीस टक्के पॉवर वाढवली तरी कमाल वेग जेमतेम आठ टक्के वाढतो. फायदा जाणवतो तो ओव्हरटेक करताना आणि घाटात.

कायद्याची बाजू २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केली. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांपासून गाडी वेगळी होईल असा बदल चालत नाही. इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी लागते. रिमॅप आरसीवर दिसत नाही, म्हणून अनेकांना तो सुरक्षित वाटतो. विमा कंपनीला मात्र दावा अडवायला तेवढं कारण पुरतं. वॉरंटीचं म्हणाल तर फोक्सवॅगन समूहाच्या गाड्यांत अशा बदलाची टीडी१ नावाची नोंद कंपनीच्या यंत्रणेत चढते आणि मूळ सॉफ्टवेअर फाइल परत टाकली म्हणून ती आपोआप पुसली जात नाही.