भाडेकरू ठेवला तर सोसायटी हवा तेवढा चार्ज लावू शकते का?

"मेंबर स्वतः राहत नसेल तर सोसायटी ठराव करून कितीही नॉन ऑक्युपन्सी चार्ज लावू शकते" हा फॉरवर्ड बऱ्याच ग्रुपवर फिरतोय. तसं वाटणं साहजिकच आहे, कारण जनरल बॉडीत बहुमताने पास झालं म्हणजे फायनल असंच आपण धरून चालतो.

पण महाराष्ट्रात २००१ पासून सरकारी आदेश आहे, सहकार कायद्याच्या कलम ७९-अ खाली, आणि त्यात या चार्जला सर्व्हिस चार्जच्या (वॉचमन, सफाई, ऑफिस असा सोसायटीचा रोजचा खर्च) १० टक्क्यांची मर्यादा आहे. ठराव त्याच्या वर जाऊ शकत नाही, एकमताने केला तरी.

आता घोळ होतो तो इथे. १० टक्के पूर्ण मेंटेनन्स बिलाचे नाहीत, फक्त सर्व्हिस चार्जचे, त्यात प्रॉपर्टी टॅक्स, पाणी, सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या कामासाठीचा राखीव निधी), रिपेअर फंड धरायचे नाहीत. म्हणजे बिल ४००० चं आणि त्यात सर्व्हिस चार्ज १८०० असेल तर जास्तीत जास्त १८० रुपये, ४०० नाही! आणि घरात आईवडील, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण असे जवळचे राहत असतील तर काहीच लागत नाही.

सोसायटीने खर्चासाठी पैसे मागणं चूक नाहीच, वॉचमनचा पगार सगळ्यांनीच द्यायचाय, पण भाड्याने दिलं म्हणून दंड लावल्यासारखं वसूल करणं मला अजिबात पटत नाही.

बिल काढा, सर्व्हिस चार्जची ओळ बघा, आकडा जुळत नसेल तर सेक्रेटरींकडे लेखी हिशोब मागा.