१७९१ पर्यंत फ्रान्सबाहेर असलेले आविन्यों

दक्षिण फ्रान्समधल्या आविन्योंला जाणारा प्रवासी बहुधा एका दिवसात शहर उरकतो. पोपचा वाडा, ऱ्होन नदीत मध्येच थांबलेला पूल, शहराभोवतीचा तट, आणि वेळ उरलाच तर पलीकडच्या काठावरचा बुरूज. एकेक करून पाहिल्या की या गोष्टी कोड्यात टाकतात. धर्मगुरूचे घर किल्ल्यासारखे का? पूल पुन्हा कुणी का बांधला नाही? एकाच नदीच्या दोन काठांवर एकमेकांसमोर अशा तटबंद्या कशासाठी? या प्रश्नांची बरीचशी उत्तरे एकाच गोष्टीत आहेत. हे शहर १७९१ पर्यंत फ्रान्सच्या राज्यात नव्हते. शेजारचा प्रोव्हान्स प्रांतही फ्रान्सला जोडला गेल्यावर तर चहूकडे फ्रेंच राजाची सत्ता आणि मधोमध पोपची जहागीर, अशी इथली स्थिती होती.

पोप इथे येण्याची सुरुवात एका भांडणातून झाली. पाद्र्यांवर कर बसवण्याचा हक्क कुणाचा, यावरून फ्रान्सचा राजा चौथा फिलिप आणि पोप आठवा बोनिफेस यांच्यात जुंपली. १३०३ मध्ये राजाच्या माणसांनी इटलीतल्या अनान्यी गावी जाऊन पोपला त्याच्याच वाड्यात कैद केले. लोकांनी त्याला सोडवले, पण महिन्याभरात तो वारला. १३०५ मध्ये बोर्दोचा आर्चबिशप पाचवा क्लेमेंट या नावाने पोप झाला आणि तो रोमला कधी गेलाच नाही. रोममध्ये बड्या घराण्यांच्या मारामाऱ्या चालू होत्या, इकडे फिलिप मानगुटीवर बसलेला होता. १३०९ मध्ये क्लेमेंट आविन्योंला आला. जागा विचार करून निवडलेली होती. शहर तेव्हा नेपल्सच्या राजाकडे होते आणि तो राजा पोपचा मांडलिक. लगतचा कोंता व्हनेसँ हा परगणा तर १२७४ पासून पोपच्याच ताब्यात होता. फ्रान्सच्या उंबऱ्याशी, पण उंबऱ्याबाहेर.

क्लेमेंट पाहुण्यासारखा डोमिनिकन मठात उतरला. त्याच्यानंतरचा बावीसावा जॉन पूर्वी इथलाच बिशप, त्यामुळे तो आपल्या जुन्या घरी परत आला म्हणायचे. मुक्काम लांबत गेला. १३७६ पर्यंत सात पोप झाले, सातही फ्रेंच.

आज दिसणारा वाडा त्यातल्या दोघांचा, आणि दोघांचे स्वभाव त्याच्या दगडांत वेगवेगळे वाचता येतात. बारावा बेनेडिक्ट हा सिस्टर्शियन संन्यासी. त्याने १३३५ मध्ये जुने बिशपगृह पाडून काम काढले आणि उत्तरेकडचा भाग मठासारखा उभारला: जाड भिंती, बेताच्या खिडक्या, नक्षीला फाटा. १३४२ मध्ये आलेला सहावा क्लेमेंट उमदा आणि खर्चिक. दक्षिणेकडचे नवे दालन, मोठे प्रार्थनामंदिर, भव्य जिना हे सारे त्याचे. जेमतेम वीस वर्षांत एवढी वास्तू उभी राहिली. आत गेल्यावर तळमजल्यावरच्या खजिन्याच्या खोलीत जरूर थांबावे. तिथल्या फरशीच्या दगडी लाद्या उचलल्या की खाली लपवलेले कप्पे आहेत. युरोपभरातून येणारा पैसा आणि दस्तऐवज तिथे ठेवत. पोप कर गोळा करणारा, हिशेब ठेवणारा, कज्जे निवडणारा सत्ताधीशही होता, हे प्रार्थनामंदिरापेक्षा या खोलीत जास्त नीट कळते. आणि क्लेमेंटच्या खासगी अभ्यासिकेतली १३४३ ची भित्तिचित्रे पाहावीत: हरणाची शिकार, ससाण्यांचा खेळ, माशांनी भरलेले तळे. धर्मगुरूच्या खोलीत संत नाहीत, रान आहे. बाकीच्या वाड्यात मात्तेओ जोव्हानेत्ती या इटालियन चित्रकाराच्या हाताखाली काम चालले, त्याची चित्रे दोन छोट्या प्रार्थनाघरांत अजून शाबूत आहेत.

१३४८ हे वर्ष मात्र या शहराने विसरू नये असे. जानेवारीत प्लेग आला. पोपचा वैद्य गी द शोलियाक शहर सोडून गेला नाही, त्याला स्वतःलाही रोगाने गाठले, पण तो वाचला आणि पुढे जे पाहिले ते लिहून ठेवले. पोपने दोन धगधगत्या शेकोट्यांच्या मध्ये बसावे असे त्याला सांगितले गेले होते. ज्यूंनी विहिरींत विष कालवले अशी आवई उठून ठिकठिकाणी कत्तली सुरू झाल्या, तेव्हा क्लेमेंटने फर्मान काढून ती खोटी ठरवली. ज्यूही याच रोगाने मरताहेत, हे त्याने दाखवून दिले. इटालियन कवी पेत्रार्कने जिच्यावर कविता केल्या ती लॉराही याच साथीच्या वर्षी गेली. तिला त्याने पहिल्यांदा पाहिले ते याच शहरातल्या सेंट क्लेअरच्या चर्चमध्ये, १३२७ च्या एप्रिलमध्ये. पेत्रार्कने आविन्योंला पश्चिमेची बाबिलोन, म्हणजे बायबलमधली पापनगरी, म्हणून झोडपले आहे, तरी त्याच्या कवितेचा उगम इथलाच. त्याच १३४८ मध्ये नेपल्सची राणी जोआना अडचणीत सापडून इथे आली. नवऱ्याच्या खुनाचा आळ तिच्यावर होता आणि सैन्यासाठी पैसा हवा होता. पोपने तिला निर्दोष ठरवले आणि तिच्याकडून शहर ८०,००० सोन्याच्या फ्लोरिनांना विकत घेतले. भाडेकरू मालक झाला.

तट यानंतरचा. फ्रान्स आणि इंग्लंडमधल्या शंभर वर्षांच्या युद्धात मध्येच तह झाला की बेकार भाडोत्री सैनिकांच्या टोळ्या लूटमार करत फिरत. १३६० च्या अखेरीस अशा एका टोळीने वरच्या अंगाचे पाँ-सँतेस्प्री घेतले आणि पोपला त्यांना पैसे देऊन वाटेला लावावे लागले. सहाव्या इनोसंटच्या काळात सुरू झालेले तटाचे काम पाचव्या अर्बनच्या काळात पुरे झाले. घेर सुमारे ४.३ किलोमीटर. एकोणिसाव्या शतकात व्हिओले-ल-द्युक या वास्तुविशारदाने त्याच्या बऱ्याच भागाची डागडुजी केली. तट बुटका वाटतो, कारण बाहेरचा खंदक बुजलेला आहे.

आता पूल. बेनेझे नावाच्या मेंढपाळ पोराला देवाची आज्ञा झाली आणि त्याने एक अजस्र दगड एकट्याने उचलून नदीकाठी ठेवला, ही कथा शहरात प्रत्येकाला माहीत असते. पूल ११७७ ते ११८५ या काळातला. १२२६ मध्ये फ्रान्सच्या आठव्या लुईने वेढा घालून शहर घेतले तेव्हा तो पाडला गेला, आणि पुन्हा बांधल्यावर त्याला २२ कमानी होत्या, लांबी ९०० मीटरच्या घरात. ऱ्होन ही पुराची नदी. ती कमानी पाडत राहिली, शहर दुरुस्त्या करत राहिले. पण पुलाचे एक टोक पोपच्या शहरात आणि दुसरे फ्रान्समध्ये. फ्रेंच राजा तर आविन्योंच्या काठापर्यंतची सारी नदी आपली म्हणून सांगे. अशा पुलाची कायमची काळजी कोण घेणार? सतराव्या शतकात दुरुस्ती सुटली. आज चार कमानी आणि त्यांच्यावरचे सेंट निकोलसचे छोटे मंदिर उरले आहे. या पुलावर नाचण्याचे फ्रेंच बालगीत जगभर पोचले. माणसे नाचत असतील तर पुलाखाली, मधल्या बार्तलास बेटावर, असे तिथले लोक सांगतात. वर तेवढी रुंदीच नाही.

पुलाचे पलीकडचे टोक कुठे होते ते पाहायचे तर नदी ओलांडून व्हिलनव गावात जावे लागते. बहुतेक प्रवासी हे टाळतात, आणि मला वाटते तिथेच त्यांचे शहर अर्धे राहते. चौथ्या फिलिपने पुलाच्या तोंडाशी बुरूज उभारला आणि टेकडीवर पुढे सेंट आंद्रेचा किल्ला झाला: इथून फ्रान्स सुरू होतो, हे पोपला रोज दिसावे म्हणून. संध्याकाळी किल्ल्यावरून पाहिले की पोपचा वाडा अंगावर ऊन घेऊन समोर उभा असतो. नदीला सरहद्द म्हणून डोळ्यांनी पाहायची जागा हीच. गंमत अशी की शहरातल्या गर्दीला कंटाळलेले कार्डिनल, म्हणजे पोपच्या खालोखालचे धर्माधिकारी, याच फ्रेंच काठावर वाडे बांधून राहत, आणि सहाव्या इनोसंटने १३५६ मध्ये इथेच कार्थुसियन मठ स्थापला. त्याची समाधीही तिथेच आहे.

अकरावा ग्रेगरी १३७६ मध्ये निघाला आणि पुढच्या जानेवारीत रोमला पोचला. १३७८ मध्ये तो वारला आणि एकाचे दोन पोप झाले, एक रोमला, एक पुन्हा आविन्योंला. आविन्योंच्या गादीवरचा दुसरा पोप, तेरावा बेनेडिक्ट, याला फ्रान्सनेही सोडून दिले. १३९८ पासून तो स्वतःच्याच वाड्यात अडकून पडला आणि १४०३ मध्ये वेष पालटून निसटला. त्या बेढब जाड भिंती अखेर वेढ्याला उपयोगी पडल्या.

पोप गेले तरी शहर पोपचेच राहिले, आणि माझ्या मते खरी वेगळी आविन्यों इथून सुरू होते. रोमहून नेमलेले अधिकारी कारभार पाहू लागले. वाड्यासमोरच्या १६१९ च्या टांकसाळीवर कोरलेले गरुड आणि ड्रॅगन हे तेव्हाच्या पोपच्या बोर्गेझे घराण्याचे चिन्ह. फ्रान्समधून १३९४ मध्ये आणि प्रोव्हान्समधून १५०१ मध्ये ज्यूंना हाकलले, इथे मात्र त्यांना राहता आले. राहता आले एवढेच. वेशीबंद गल्ली, रात्री कुलूप, अंगावर ओळखीची पिवळी खूण. त्यांच्या जुन्या वस्तीच्या जागी आज जेरुसलेम चौक आहे आणि तिथले गोल सिनेगॉग एकोणिसाव्या शतकात आगीनंतर बांधलेले आहे.

त्याच सरहद्दीचा फायदा कापडालाही झाला, आणि इथे आपण डोकावतो. सतराव्या शतकात हिंदुस्थानातून जाणाऱ्या छापील सुती कापडाने फ्रान्सला वेड लावले. आपल्याकडे ज्याला चीट म्हणत त्याला तिकडे नावच ‘अँदिएन’, म्हणजे हिंदुस्थानी. रंग धुतल्यावर जात नाही, अंगाला हलके, आणि रेशमाहून स्वस्त. रेशीम आणि लोकरवाले ओरडू लागले आणि १६८६ मध्ये राजाने या कापडाची आयातही बंद केली आणि छपाईही. आविन्यों राजाच्या हुकमाबाहेर. मग छापखाने इथे चालू लागले आणि माल चोरवाटांनी फ्रान्समध्ये जाऊ लागला. १७३४ मध्ये राजाने पोपशी करार करून, नुकसानभरपाई देऊन, इथलीही छपाई थांबवली. १७५९ मध्ये फ्रान्सने बंदी उठवली, पण मधली पंचवीस वर्षे गेलेली होती. सोर्ग नदीच्या पाटाकाठची रंगाऱ्यांची गल्ली त्या धंद्याची आठवण आहे. चिनार जातीच्या झाडांच्या सावलीत तिथे पाणचक्क्या अजून दिसतात. पुढे आसपासच्या शेतांत मंजिष्ठेची लागवड वाढली, तिच्या मुळांपासूनचा लाल रंग फ्रेंच सैनिकांच्या विजारींना गेला, आणि जर्मन कारखान्यांचा कृत्रिम रंग आल्यावर तीही बसली. सहलीच्या बस या गल्लीत येत नाहीत. वाड्यानंतर एकच जागा पाहायची असेल तर मी हीच सांगेन.

क्रांतीच्या धामधुमीत शहरात दोन गट पडले आणि १४ सप्टेंबर १७९१ रोजी फ्रान्सच्या सभेने आविन्यों जोडून घेतले. महिन्याभरात, एका क्रांतिकारकाच्या खुनाचा सूड म्हणून, सुमारे ६० कैद्यांना वाड्यात मारून ‘बर्फघर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बुरुजात टाकले. पोपने १७९७ मध्ये तह करून हक्क सोडला. मग वाडा लष्कराकडे गेला. उंच दालनांत मधले मजले घातले, तिथे शिपाई झोपू लागले, आणि त्यातल्या काहींनी भित्तिचित्रांतली डोकी कापून विकली. १९०६ पर्यंत ही छावणी होती. आज आत गेल्यावर लोक म्हणतात, वाडा रिकामा आहे. तो पोपांनी रिकामा ठेवला नव्हता.

रिकामेपणाचा उपयोग मात्र एकाने ओळखला. १९४७ च्या सप्टेंबरमध्ये, वाड्यात आधुनिक चित्रांचे प्रदर्शन चालू असताना, जाँ व्हिलार या दिग्दर्शकाने अंगणातच नाटक केले. पडदा नाही, विंगा नाहीत. मागे क्लेमेंटची भिंत आणि वरून मिस्त्रालचा वारा. त्यातून दर जुलैचा नाट्यमहोत्सव झाला. आता त्या महिन्यात रंगाऱ्यांच्या गल्लीतल्या जुन्या वास्तूंतही नाटके लागतात. १९८५ मध्ये पीटर ब्रुकचे ‘महाभारत’ पहिल्यांदा झाले ते याच महोत्सवात, शहराबाहेरच्या बुल्बाँच्या दगडखाणीत. रात्रभराचे प्रयोग सूर्य उगवताना संपत.