बचावात्मक रिबाउंडचे प्रशिक्षण

बचावात्मक रिबाउंड : बास्केटबॉलमध्ये प्रतिस्पर्ध्याचा हुकलेला शॉट रिंगवरून किंवा बोर्डवरून उडाल्यावर बचाव करणाऱ्या संघाने तो चेंडू ताब्यात घेणे. चेंडू हाती आल्याशिवाय बचाव पुरा होत नाही. 'फिबा' या आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या नियमांनुसार आक्रमणाला २४ सेकंद असतात. पण रिंगला लागलेला चेंडू पुन्हा आक्रमकांनीच उचलला तर त्यांना नव्याने १४ सेकंद मिळतात आणि तेही बहुधा रिंगच्या तोंडाशी. आधीची सगळी पळापळ मग फुकट जाते.

रिंग ३.०५ मीटर उंचीवर असल्याने हे काम उंच मुलांचे, असा समज सर्रास आढळतो. अमेरिकन खेळाडू डेनिस रॉडमन सुमारे २.०१ मीटर उंचीचा, म्हणजे एनबीए या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधल्या सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूंच्या मानाने बुटकाच. तरी १९९१-९२ ते १९९७-९८ असे सलग सात हंगाम सरासरी रिबाउंडमध्ये तो पहिला होता. शॉट कुठून सुटला, चेंडू कसा फिरतो आहे, हे वाचून तो जागा धरत असे. कोपऱ्यातून मारलेला शॉट हुकला तर बहुतेकदा पलीकडच्या बाजूला पडतो आणि लांबचा शॉट लांब उडतो, एवढे तरी प्रत्येक मुलाला पहिल्या आठवड्यात दाखवावे.

शिकवण्यातला खरा अडसर नजरेचा आहे. शॉट सुटला की मान आपोआप वर जाते, पाय जागच्या जागी थिजतात आणि मागचा खेळाडू अलगद पुढे घुसतो. म्हणून 'शॉट!' अशी आरोळी आली की आधी आपला माणूस, म्हणजे आपल्या वाट्याचा प्रतिस्पर्धी, शोधायचा, मग चेंडू. माणसाकडे एक पाऊल टाकून त्याला अंगाने अडवायचे, वळून पाठ त्याच्या छातीला लावायची, पाय खांद्यांपेक्षा रुंद, गुडघे वाकलेले, तळहात वर. याला बॉक्स-आऊट म्हणतात. विसर्जनाच्या रात्री लक्ष्मी रस्त्यावर लेकराला पुढ्यात घेऊन पाठीने गर्दी थोपवणारा बाप पुणेकरांनी पाहिलेला असतो. पवित्रा नेमका तोच. हाताने धरले किंवा ढकलले तर मात्र फाऊल.

पुण्यात डेक्कन जिमखान्यासारख्या (स्थापना १९०६) जुन्या संस्थांपासून शाळांच्या पटांगणांपर्यंत हा खेळ रुजला आहे. सिमेंटच्या कोर्टावर मुले अंगाला अंग लावायला बिचकतात, कारण पडले की कोपर सोलवटते. तिथे वर्तुळाचा सराव उत्तम. मध्ये चेंडू ठेवायचा, भोवती बचाव करणारी मुले, त्यांच्या पाठीमागे आक्रमक. शिट्टी झाली की आतल्यांनी पाच सेकंद चेंडूला कुणाला शिवू द्यायचे नाही. उडी नाही, त्यामुळे भीतीही नाही. बाराएक वर्षांची किरकोळ मुलगी कंबर खाली नेऊन आपल्या दीडपट मुलीला रेटून धरते, तिच्या बुटांचे तळवे सिमेंटवर करकरतात आणि पाच सेकंद संपले तरी ती मागे वळून पाहत नाही. त्या दिवसापासून तिला उंचीचे सांगावे लागत नाही. कबड्डी खेळलेली मुले हे लवकर उचलतात. त्यांच्या पायांना खाली बसून रेटण्याची सवय असते.

चेंडू दोन्ही हातांनी धरून हनुवटीखाली आणावा, कोपरे बाहेर ठेवावीत. खाली आणला की प्रतिस्पर्ध्यांचा छोटा गार्ड (रिंगपासून दूर खेळणारा चपळ खेळाडू) तो हिसकावतोच. त्यानंतर बाजूच्या रेषेकडे वळून आउटलेट पास, म्हणजे प्रतिहल्ला सुरू करणारा पहिला पास, द्यावा.

झोन बचावात, म्हणजे माणसाऐवजी कोर्टाचा ठरावीक भाग राखताना, अडवायला ठरलेला माणूस नसल्याने गोंधळ होतो. तिथे आपल्या टापूत आलेला पहिला माणूस आपला. फ्री थ्रोच्या, म्हणजे फाऊलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या शॉटच्या, वेळी रिंगलगतच्या जागा बचाव करणाऱ्यांनाच मिळतात, तेव्हा तो रिबाउंड गमावण्याला सबब नाही.

सामन्यात बाकावरच्या एखाद्या मुलाला वही द्यावी. चेंडू कुणी पकडला हे त्याने लिहू नये. शॉट सुटल्यावर कुणी आपला माणूस शोधला, त्याच्या नावापुढे खूण करावी. मध्यंतरात सर ती वही मोठ्याने वाचतात, तेव्हा एकही रिबाउंड न मिळालेल्या पोराचे नाव कधी कधी सगळ्यात वर असते.