व्हील स्पेसर बसवणे

व्हील स्पेसर म्हणजे हब (चाक ज्यावर बसते तो फिरणारा भाग) आणि रिम यांच्यामध्ये बसणारी धातूची जाड चकती. चकती जितकी जाड, तितके चाक बाहेर सरकते. दोन्ही बाजूंना ३० मिमीचे स्पेसर लावले की चाकांमधले अंतर ६० मिमीने वाढते आणि +३० ऑफसेटचा (हबला टेकणारा पृष्ठभाग रिमच्या मध्यरेषेपासून ३० मिमी बाहेरच्या बाजूला असलेला) रिम शून्य ऑफसेटसारखा बसतो. ऑफ-रोड गाडीला रुंद टायर घातले की स्टेअरिंग पूर्ण वळवताना ते आतल्या सस्पेन्शनच्या आर्मला घासू लागतात. स्पेसर लागतात ते मुख्यतः यासाठी.

सरकवून बसवायच्या पातळ स्पेसरमधून मूळ स्टड (हबवरचे आट्यांचे दांडे, ज्यांवर चाकाचे नट बसतात) आरपार जातात, त्यामुळे नटाला आटे कमी मिळतात. बोल्ट-ऑन स्पेसर स्वतःच्या नटांनी हबला आवळला जातो आणि रिम त्याच्यावरच्या नव्या स्टडवर बसतो. खडकाळ वाटांवर जायचे तर बोल्ट-ऑनच घ्यावा. स्टडची संख्या आणि वर्तुळ जुळायलाच हवे (सुझुकी जिम्नी ५×१३९.७, म्हणजे १३९.७ मिमी व्यासाच्या वर्तुळावर ५ स्टड; टोयोटा हायलक्स ६×१३९.७). मधले भोकही हबवर अचूक बसावे; तसे असले की चाक केंद्रात राहते.

स्पेसर बदनाम आहेत ते चाक निखळण्याच्या भीतीने. ही भीती खोटी नाही, पण तिचे मूळ बहुतेक वेळा चकतीत नसून बसवण्यात असते. चाकाचा भार स्टडच्या दांड्यावर येता कामा नये. आवळलेल्या दोन सपाट पृष्ठभागांमधल्या घर्षणाने तो पेलला जातो. मध्ये गंज, रंग किंवा माती राहिली, तर काही दिवसांत तो थर चुरडतो, ताण उतरतो आणि नट सैल होतात. म्हणून या कामातला निम्मा वेळ तारेच्या ब्रशला द्यावा. नव्या गाडीच्या एखाद्या स्टडवर ब्रेक डिस्क धरून ठेवणारी पत्र्याची बारीक क्लिप असते. ती कागदाएवढी पातळ असते, सहज नजरेतून सुटते आणि अख्खा स्पेसर तिरका बसवते. ती काढावीच. स्पेसर हाताने दाबून हलवून पाहावा. जरा जरी डुलला तरी नट लावू नयेत.

बाकी काम चाक बदलण्यासारखेच. सपाट जागा, उरलेल्या चाकांना ठोकळे, नट जमिनीवरच ढिले करणे, जॅकनंतर अ‍ॅक्सल स्टँड. स्पेसर हबला धरणारे आतले नट खोलगट जागेत असतात, त्यांना पातळ भिंतीचा सॉकेट लागतो. नट समोरासमोरच्या क्रमाने, उत्पादकाने दिलेल्या आकड्यापर्यंत टॉर्क रेंचनेच (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) आवळावेत. सुमारे ८० ते १०० किमीनंतर चाके काढून आतले नट पुन्हा तपासायचे असतात. हीच पायरी लोक सर्वांत जास्त टाळतात, कारण त्यासाठी सगळे पुन्हा उघडावे लागते.

चाक बाहेर गेल्याने बेअरिंगवरचा भार वाढतो, खडकाचे धक्के स्टेअरिंगला जास्त जाणवतात, आणि आतली घासाघीस थांबली तरी टायर बाहेर मडगार्डला लागू शकतो. तेव्हा एक चाक उंचवट्यावर चढवून, स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहावे. नियम देशागणिक बदलतात. जर्मनीत अशा बदलाला तांत्रिक मंजुरी लागते.

स्टेपनीचा रिम वेगळा असेल तर तोही आधीच स्पेसरवर लावून बघावा. मूळ स्टडची टोके स्पेसरबाहेर आली असतील आणि त्या रिमला मागे खाचा नसतील, तर पंक्चर झाल्यावर स्टेपनी बसणारच नाही.